जुईची प्रिलिम

आमच्या रियाधच्या मलाझ भागातल्या घरात सकाळ ओळखू यायची ती आवाजांवरून. आधी पहाटेची, फजरची बांग, एकामागोमाग तीन-चार मशिदींची, थोडी पुढेमागे झालेली. मग स्वयंपाकघरात आईने फिरवलेला मिक्सर, मग खिडकीतल्या जुन्या एसीचा खरखराट. आणि या सगळ्यांच्या खाली हॉलमधून येणारा एक आवाज, ज्याला मला आजही नीट नाव देता येत नाही. प्लास्टिकच्या नळीतून हवा एकदम आत शिरली की होणारा ओला, फाटका, छोटासा आवाज. तो होण्याआधी शांतता असायची. कधीकधी ती फार लांबायची. त्या शांततेत बाबा, आई आणि मी, तिघंही नकळत आपापला श्वास रोखून धरायचो. आणि जिने श्वास घ्यायचा होता ती माझी धाकटी बहीण जुई डोळे मोठे करून बाबांच्या चेहऱ्याकडे बघत असायची.

जुई तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यातून जे होतं त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हे वाक्य मी इंग्रजीत पाठ करून ठेवलं होतं. शाळेत कुणी विचारलंच तर असावं म्हणून. कुणी विचारलं नाही. मी कुणाशी फारशी बोलतच नसे. जुईचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, डावा हात छातीशी मुडपलेला असायचा, ओठ नीट मिटत नसत म्हणून हनुवटीखाली कायम एक टर्किशचा रुमाल बांधलेला असे. डोकं मात्र तल्लख. मी मोठ्याने घोकत असलेल्या देशांच्या राजधान्या तिला माझ्याआधी पाठ व्हायच्या. अडायचं ते श्वासापाशी. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू इतके दुबळे होते की एका श्वासात जेमतेम दोन शब्द मावायचे. 'ताई, पाणी.' मग थांबायचं. श्वास. 'गार दे.' पाहुण्यांना वाटायचं हिला बोलताच येत नाही, आणि ते तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे. ती ऐकून घ्यायची. नंतर मला तुकड्यातुकड्यांत सांगायची की कोण काय म्हणालं.

आदल्या हिवाळ्यात तिला साधी सर्दी झाली आणि कफ छातीत उतरला. खोकून तो बाहेर काढण्याचं बळ तिच्यात नव्हतं. हॉस्पिटलात नाकातून नळी घालून नर्सने तो ओढून काढला तेव्हा आईने तिचे हात धरले होते आणि मी पाय. ती ओरडत होती, पण आवाज नव्हता. नुसतं उघडं तोंड. डॉक्टर बाबांना म्हणाले, 'पुढच्या हिवाळ्यात छाती अशीच राहिली तर...' आणि त्यांनी फाइल मिटली. बाबांनी मला विचारलं, 'काय म्हणाले ते?' इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी विचारलं.

रियाधमध्ये अशा मुलांसाठी एक केंद्र होतं. बाबांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, राहण्याचे परवाने, होते तो सौदी मालक, त्याने कुणाला तरी फोन केला आणि परदेशी मुलांसाठी असलेल्या मोजक्या जागांपैकी एक जुईला मिळाली. तिथे शीला मॅडम होत्या. केरळच्या, ठेंगण्या, हसताना हाताने तोंड झाकणाऱ्या. त्यांनी आम्हाला ती नळी दिली. अंगठ्याहून जाड, पारदर्शक, आत एक स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला झडप. नळी तोंडात धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि श्वास आत ओढायचा. पुरेशा जोराने ओढला तरच झडप उघडते आणि हवा मिळते. जोर कमी पडला तर काहीच मिळत नाही. वरचं बटण फिरवलं की स्प्रिंग घट्ट होते आणि मग आणखी जोर लावावा लागतो. हात-पायांना व्यायाम असतो तसा हा श्वासाच्या स्नायूंना.

शीला मॅडमच्या सूचना मी ऐकायच्या आणि घरी आईला मराठीत सांगायच्या, असं ठरलेलं होतं. रोज थोडाच वेळ. पोट भरलेलं असताना नको. चेहरा फिका पडला तर थांबा. बटण फिरवायचं ते इथे केंद्रातच, घरी हात लावायचा नाही. आणि इथे मोजणी असेल त्याआधी तिला पूर्ण विश्रांती द्या, दमलेला स्नायू मोजून काही कळत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, कारण भारतीय आईबाप त्यांना चांगले माहीत होते.

घरी आई जुईला मांडीवर टेकवून बसवायची आणि मी तिचे ओठ नळीभोवती दोन बोटांनी मिटवून धरायची. लाळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जायची. सुरुवातीला बाबा नुसते बघत. मग एका दुपारी आई भात कुकरला लावत असताना हॉलमधून जुईची हाक आली, 'ताई, मला भूक लागली.' एका श्वासात. आईच्या हातातून शिटी खाली पडली. बाबा त्या संध्याकाळी बत्ह्याच्या बाजारात गेले आणि सांगतील त्या भावाने हापूस घेऊन आले. आणि त्या दिवसापासून ते नुसते बघत बसले नाहीत.

बाबा एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनियर होते. दाब, झडप, स्प्रिंग हे त्यांचे रोजचे शब्द. आयुष्यात पहिल्यांदा जुईच्या आजारातली एखादी गोष्ट त्यांना कळत होती. नळी उजेडात धरून ते बाजूचे आकडे वाचायचे आणि आईला म्हणायचे, 'साधी गोष्ट आहे गं. लोड वाढवत गेलं की कपॅसिटी वाढते.' आई म्हणायची, 'अहो, पण त्या मॅडम म्हणाल्यात ना हात लावू नका म्हणून.' 'मॅडमना शंभर पोरं आहेत. मला दोनच आहेत.'

सौदीकरण हा शब्द त्या दिवसांत प्रत्येक भारतीय घरात जेवणाबरोबर वाढला जायचा. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस. कुणाच्या ऑफिसात किती गेले, कुणाचा इकामा वाढवून मिळाला नाही, कोण सामान विकतंय. बाबांच्या शेजारच्या टेबलावर एक सौदी तरुण येऊन बसला होता आणि त्याला सगळं काम शिकवण्याचा हुकूम बाबांना झाला होता. शिकवून झाल्यावर काय, हे घरात कुणी विचारत नसे. आणि मग एक दिवस आम्ही केंद्रात गेलो तर शीला मॅडमच्या टेबलाशी नूरा बसली होती. काळ्या पायघोळ अबायावर पांढरा कोट, नवे कोरे बूट, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. शीला मॅडम गेल्या आठवड्यातच केरळला परत गेल्या होत्या. करार वाढवला नव्हता. आम्हाला निरोपही घेता आला नाही.

'काल कॉलेजातून बाहेर पडलीय ती,' बाबा गाडीत म्हणाले. 'नखं बघितलीस का तिची?' बाबांनी नूराला कधी पाहिलंच नव्हतं. बायकांच्या विभागात पुरुषांना जायची परवानगी नव्हती. ते बाहेर, फळ्यांच्या पडद्यापलीकडे बाकावर बसायचे. नखांचं त्यांनी कुठून आणलं कोण जाणे. नूराची नखं आखूड होती. 

त्याच सुमारास केंद्राने सांगितलं की सौदी मुलांची रांग मोठी आहे, तेव्हा परदेशी मुलांच्या जागा आता मोजणीवर ठरतील. ज्यांच्यात सुधारणा दिसेल त्यांची जागा राहील. नूरा जुईला एका यंत्राच्या नळीत श्वास ओढायला लावणार, काटा किती हलतो ते बघणार, आणि शीला मॅडमने पहिल्या दिवशी नोंदवलेल्या आकड्याशी ताडून पाहणार. आकडा वर गेला असेल तर जुई राहील. नाहीतर नाही. आणि जुईची जागा गेली तर आईने तिला घेऊन नाशिकला परत जायचं, हे बाबांनी त्या रात्रीच्या जेवणात आमटी वाढून घेता घेता सांगून टाकलं. इथे नुसतं ठेवून काय उपयोग, म्हणाले. हॉस्पिटलची बिलं कोण भरणार. जुई माझ्या शेजारीच बसलेली होती. ती घास चघळायची थांबली.

मी भारतीय शाळेत शिकले. तिथल्या प्रत्येक घराला परीक्षा या एकाच गोष्टीची भाषा येत होती. सहामाही, प्रिलिम, बोर्ड. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायच्या, मग आणखी एकदा, आदल्या दिवशी सगळं पुन्हा. बाबांनी मला तसंच दहावीला बसवलं होतं आणि माझा नंबर आला होता. आता नंबर जुईचा होता. केंद्राकडून मोजणीची तारीख कळली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, 'आधी घरी प्रिलिम घ्यायची.' जुईला हा शब्द इतका आवडला की ती दिवसभर सगळ्यांना सांगत होती, 'माझी प्रिलिम आहे.' तिला आजवर कुणी कुठल्या परीक्षेला बसवलंच नव्हतं.

मग तो आवाज सकाळीच नव्हे, दुपारी आणि संध्याकाळीही यायला लागला. पोट भरलेलं असताना नको, या शीला मॅडमच्या सूचनेचं बाबांनी हळूहळू वेगळंच काहीतरी करून टाकलं: आधी नळी, मग जेवण. आई तव्यावर थालीपीठ टाकायची, भाजणीचा वास हॉलभर व्हायचा, आणि जुईच्या तोंडाला सुटलेलं पाणी नळीतून परत माझ्या बोटांवर यायचं. 'ओढ,' बाबा म्हणायचे. 'ओढ, ओढ, ओढ. झोपलीस काय? थालीपीठ थंड होतंय.' झडप उघडायची नाही. जुईच्या मानेच्या शिरा फुगायच्या, पाय एकमेकांवर घट्ट चढायचे. 'अजून एक झालं की देतो.' ते झालं की अजून एक.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे माणसं जेवायला यायची. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या हमीदाचाची राहत. त्या भरलेली सुरमई घेऊन यायच्या आणि आईकडून पुरणपोळी घेऊन जायच्या. बाबा जेवणाआधी पाहुण्यांना जुईची नळी दाखवायचे. एका शुक्रवारी एका पाहुण्याने नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, 'ही माझ्या सासूला पाठवून देऊ का? तेवढंच तोंड बंद राहील.' सगळे हसले. जुईही हसली, कारण सगळे हसत होते, आणि हसताना तिच्या तोंडातून लाळेची तार रुमालावर गेली. पाहुण्याच्या बायकोने मान दुसरीकडे वळवली. बाबांना ते दिसलं. 'चल जुई, काकांना दाखव,' ते म्हणाले, आणि बटण थोडं फिरवलं. तिने दाखवलं. टाळ्या पडल्या. त्यांनी आणखी थोडं फिरवलं. झडप उघडेना. जुईचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा हमीदाचाची ताट बाजूला सारून उठत म्हणाल्या, 'अवो भाऊ, पोर हाय ती, पंप नाय. पुरे करा आता.' बाबा हसून म्हणाले, 'चाची, तुम्ही मासे बघा.' चाची परत बसल्या. पण त्यानंतर चाची कधीच शुक्रवारी जेवायला आल्या नाहीत. सुरमई मुलाच्या हाती पाठवायच्या.

इतक्या वर्षांनी, मागच्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते आता ऐंशीला टेकलेत. दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांच्या हातात ते तीन चेंडूंचं यंत्र दिलं, जे ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला देतात. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. एकही चेंडू हलला नाही. 'ओढा आजोबा, ओढा, ओढा,' नर्स म्हणत होती. चांगली मुलगी होती, प्रेमाने म्हणत होती. बाबांनी नळी तोंडातून काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. जुई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नाशिकच्या एका थंडीत, छातीत कफ होऊनच गेली. आमच्यात तिच्याबद्दल बोलणं होत नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी बाबा ऑफिसातून लवकर आले. ती प्रिलिम. त्यांनी डायनिंग टेबलाची खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली, जुईला उशा लावून तीत बसवलं, कमरेला ओढणीने बांधलं, म्हणजे उद्या तिथे असेल तसंच. मला म्हणाले, 'तू नूरा हो. इंग्रजीत बोल.'  मी धीर करून इंग्रजीतच म्हटलं की शीला मॅडमनी सांगितलंय, आधी विश्रांती हवी. माझा आवाज नेहमी असतो तसाच लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

'काय?' बाबा म्हणाले.

'दमलेला स्नायू मोजून काही कळत नाही, असं म्हणाल्या होत्या.'

'बोर्डाच्या आदल्या दिवशी तू विश्रांती घेतली होतीस?'

'नाही.'

'मग नंबर आला की नाही?'

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, 'ऐक त्यांचं.' आणि खुर्चीवरून जुई म्हणाली, 'करते. मी करते.' तिला परीक्षा द्यायची होती. तिला पास व्हायचं होतं. आमच्या घरात ती इतकी महत्त्वाची आजवर कधीच झाली नव्हती.

मग दुपार सरली, असरची बांग झाली, मग सूर्य मावळल्यावर मगरिबची. मी ओठ धरत होते, आई खांदे धरत होती, बाबा बटण फिरवत होते. नाकाच्या चिमट्याचे दोन लाल वळ उठले. एकदा तिला कोरडी ओकारी आली. बाबांनी स्वतःच्या रुमालाने तिचं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले, 'शाब्बास माझा वाघ,' म्हणाले, आणि अगदी हलक्या हाताने नळी पुन्हा आत ठेवली. मला वाटतं त्या सबंध दिवसातला तोच क्षण मी सगळ्यात जास्त आठवते, कारण ते खरंच मायेने करत होते. शेवटी शेवटी झडप उघडायची तेव्हा आवाज जुईच्या छातीतून यायचा की नळीतून, हे कळेनासं झालं. जेवण तिला गेलंच नाही. भात तोंडात तसाच ठेवून ती झोपली आणि आईने बोट घालून तो काढला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बाबा नेहमीसारखे पडद्यापलीकडे बसले. आत आई, मी आणि व्हीलचेअरवर जुई. तिला नवा फ्रॉक घातला होता. नूराने तिचा हात हातात घेतला, मग नाकावरचे वळ बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने जुईच्या बरगड्यांवर तळवा ठेवून थोडा वेळ वाट पाहिली आणि मला इंग्रजीत म्हणाली, 'ही फार दमलेली आहे. मी आज मोजत नाही. शनिवारी आणा. दोन दिवस काहीही करू नका, नुसतं खाऊ-पिऊ घाला.'

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, 'त्यांना विचारून ये.'

मी पडद्यापाशी गेले आणि बाबांना सांगितलं. ते ताडकन उठले. 'शनिवारी? शनिवारी ती असेल, आपला कागद असेल का इथे? ही युक्ती असते. न मोजताच नाव काढायचं. शीलालाही असंच काढलं. सांग तिला, आत्ताच मोज म्हणावं. पोरगी तयार आहे.'

मी आत जाऊन सांगितलं. युक्ती वगैरे सांगितलं नाही. फक्त, वडील म्हणतात आज मोजा. नूरा लालबुंद झाली. ती नवीन होती, नियम तिला घाबरवत होते, आणि बहुधा बाबांच्या आवाजातलं बरंचसं फळ्यांमधून तिलाही ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, 'तुझ्या वडिलांना सांग, शनिवारी मी इथेच असेन. मी स्वतः तिचं नाव राखून ठेवेन.' मी पुन्हा बाहेर गेले. बाबा पडद्याच्या फटीत तोंड घालून मोठ्याने इंग्रजीत म्हणाले, 'नाऊ, सिस्टर. प्लीज. शी इज रेडी.' आतल्या सगळ्या बायकांनी चेहऱ्यावर बुरखे ओढले. एक म्हातारी ओरडली. एक रखवालदार धावत आला आणि बाबांना दंडाला धरून मागे घेऊन गेला. यानंतर नूराकडे दुसरा मार्ग राहिला नाही. बाप मागतोय म्हटल्यावर मोजणं भाग होतं.

यंत्राला काटा होता. जुईने नळी तोंडात घेतली, मी ओठ धरले. तिने ओढलं. काटा थोडासा थरथरला आणि जागेवर आला. 'पुन्हा,' नूरा म्हणाली. पुन्हा. मग तिने जुईला थांबवून पाणी दिलं, खिडकी उघडली, शेजारच्या खोलीतून खजूर आणून अर्धा तिच्या तोंडात घातला. पुन्हा. शेवटी तिने कागदावर आकडा लिहिला, शीला मॅडमच्या पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी. तो पहिल्या दिवसाहून खाली होता. इतक्या महिन्यांनी, इतक्या थालीपिठांनंतर, खाली. नूरा कागदाकडे बघत राहिली. मग अरबीत काहीतरी म्हणाली, जे आम्हाला उद्देशून नव्हतं.

शनिवारी मोजलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढे ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्टला विचारलं होतं. तिने खांदे उडवले. कदाचित आकडा वर गेला असता. कदाचित शनिवारी नावच नसतं, आणि बाबांचंच बरोबर ठरलं असतं.

आम्ही गाडीतून परत निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांनी आरसा नीट केला, म्हणजे त्यात जुई दिसेल असा. 'जग फुकटात श्वास घेतं,' ते म्हणाले. 'कुत्री-मांजरं घेतात. तुला तेवढंही जमत नाही?' आईने खिडकीकडे बघत मला म्हटलं, 'तुला एवढं इंग्रजी येतं, तुला नीट समजावता आलं नाही तिला?' जुईने आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. तोवर तिला निकाल कळलाच नव्हता. तो कागद तिच्या डोक्यावरूनच फिरला होता. ती म्हणाली, 'नापास?' एवढंच. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून मग तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मला वाटलं होतं आता ती नळी कपाटात जाईल. पण फजर झाली आणि हॉलमध्ये बाबांनी दिवा लावला. ते रात्रभर झोपले नसावेत. जुईला उचलून त्यांनी खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, 'दुसरीकडे कुठेतरी दाखवू. जेद्दाला दाखवू. पण प्रॅक्टिस सोडायची नाही.' आई दारात उभी होती, हातात कणकेचे गोळे. मी सवयीने जाऊन ओठ धरायला बसले. बाबांनी जुईच्या नाकाला चिमटा लावला आणि नळी पुढे केली.

जुईने तोंड मिटलं. माझी बोटं अजून तिच्या गालाला लागायची होती. मी तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले कधीच पाहिले नव्हते. ते पांढरे पडले होते. नाक बंद, तोंड बंद, आणि डोळे सरळ बाबांवर. 'उघड,' बाबा म्हणाले. मग हसले. 'किती वेळ धरशील?' आणि खरंच नळी तिच्या ओठांसमोर धरून ते वाट बघत बसले. एसी खरखरत होता. जुईचा चेहरा आधी लाल झाला, मग कुठल्याही रंगाचा राहिला नाही. मुडपलेला डावा हात छातीवर आपोआप आपटायला लागला. आई म्हणाली, 'अहो.' बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, काढायला विसरल्यासारखं. मग नळी टाकून त्यांनी चिमटा खसकन ओढला, आणि तो निघाला तेव्हा जुईच्या नाकाची थोडी कातडी घेऊन निघाला.

तिने श्वास घेतला. मोठा, खोल, घरभर ऐकू जाणारा. मग आणखी एक. मग दूध संपल्यावर आई म्हणायची, गॅस संपल्यावर बाबा म्हणायचे, रियाधमधली सगळी माणसं दिवसभर म्हणायची, तो शब्द ती म्हणाली. 'खलास.'

त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, आईशी बोलायची, जिन्यात भेटलेल्या हमीदाचाचींशी हसून बोलायची. बाबा खोलीत आले की थांबायची. त्यांनी बाहुली आणली, बोलणारी, बॅटरीवरची. बाहुलीच बोलत राहिली. माझी परीक्षा असल्यामुळे मी मागे राहणार होते. आई आणि जुई उन्हाळ्याआधीच निघाल्या, परतीचा व्हिसा नसलेल्या पासपोर्टवर. विमानतळावर आई सामानाच्या रांगेत गेली तेव्हा बाबा व्हीलचेअरसमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आपला कान जुईच्या तोंडाशी नेला. ती काही बोलेल म्हणून. ती नुसता श्वास घेत होती आणि सोडत होती, सावकाश, एकसारखा. त्यांच्या कानावरचे पिकलेले केस हलताना मला दिसत होते. ते तसेच वाकून राहिले. मागून ट्रॉली घेऊन आलेला माणूस दोनदा 'यल्ला, यल्ला', चला पुढे, म्हणाला. मग आईच येऊन खुर्ची पुढे घेऊन गेली.